बाजार रयतेला, सूट खजिन्याला : भीमथडी आणि शिरूरचा शेतसारा, १८२८ ते १८७९

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, भीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास सामान्यतः १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपुरता सांगितला जातो, आणि त्या सांगण्यात कर्जबाजारी कुणबी आणि त्याला नाडणारा सावकार अशी दोनच पात्रे असतात. तिसरे पात्र, म्हणजे शेतसारा ठरवणारे, तो रोख रकमेत वसूल करणारे आणि त्यातून स्वतःचा खर्च भागवणारे सरकार, हे या कथेत बहुतेक वेळा पंचाच्या जागी बसवलेले आढळते. वास्तविक हा प्रदेश म्हणजे इंग्लंडात नुकत्याच आकाराला आलेल्या मुक्त बाजाराच्या अर्थशास्त्राची हिंदुस्थानातील एक पहिली प्रयोगभूमी होता. त्या शास्त्राने सरकारला करवसुलीचे समर्थन पुरवले, आणि पुढे त्याच शास्त्राच्या आधाराने सरकारच्या कर, खर्च आणि तूट या तिन्हींवर टीकाही झाली.

त्या काळी दौंड हा स्वतंत्र तालुका नव्हता. आजच्या दौंड आणि बारामती या तालुक्यांचा बराचसा भाग मिळून भीमथडी तालुका होत असे, त्याच्या पूर्वेला इंदापूर आणि उत्तरेला पाबळ व शिरूर. सगळाच मुलूख पर्जन्यछायेतला असल्यामुळे पाऊस बेभरवशाचा, काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, माळावर बाजरी, आणि पाच वर्षांत एखादे पीक हातून गेले तर त्यात कोणाला नवल वाटू नये अशी एकंदर स्थिती. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याचा, म्हणजे वसुलीचा हक्क जास्त बोली करणाऱ्याला विकण्याचा, सपाटा लावल्याने गावे आधीच पिळून निघाली होती. १८१८ नंतर कंपनी सरकारने मक्तेदार काढून टाकले, परंतु मक्त्याच्या काळात फुगलेले वसुलीचे आकडे मात्र पुष्कळ ठिकाणी डोळ्यांसमोर ठेवले.

शास्त्राचा प्रवेश झाला तो रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याच्या हातून. कंपनीचे मुलकी अधिकारी ज्या हेलीबरीच्या विद्यालयात तयार होत, तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन स्वतः माल्थस करीत असे, आणि प्रिंगल त्याच विद्यालयातून आलेला होता. डेव्हिड रिकार्डोने मांडलेला खंडाचा सिद्धान्त थोडक्यात असा, की सर्वांत हलक्या जमिनीत मजुरी, बी-बियाणे आणि भांडवलावरचा नफा एवढेच सुटते. तिच्याहून कसदार जमिनीत त्या वर जे उरते तो खंड होय, आणि तो मालकाच्या श्रमाने निर्माण झालेला नसल्यामुळे सरकारने त्यावर कर घेतला तरी धान्याचा भाव वाढत नाही आणि उत्पादनालाही धक्का बसत नाही. लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत बसलेल्या जेम्स मिलला हा सिद्धान्त हिंदुस्थानसाठी फार सोयीचा वाटला, कारण येथे जमीनदार मधे नसेल तर खंडाचा धनी सरकारच ठरते. १८२८ पासून प्रिंगलने पुणे जिल्ह्याची मोजणी केली, जमिनीच्या प्रती लावल्या, एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा केला आणि जे निव्वळ उत्पन्न राहिले त्याचा शेकडा ५५ भाग सरकारचा असे ठरवले.

कागदावर हे गणित निर्दोष होते. परंतु निव्वळ उत्पन्न ही शेतात दिसणारी वस्तू नव्हे. ते काढण्यासाठी कोणत्या जमिनीत किती पिकते, बैलजोडीवर किती खर्च होतो, घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत काय धरायची, अशा शेकडो अंदाजांची बेरीज-वजाबाकी करावी लागे, आणि हे अंदाज लिहिणारे हाताखालचे कारकून चुकत होते, काही जण पैसे घेऊन मुद्दाम चुकवत होते. त्यातच धान्याचे भाव उतरले आणि पावसाने दगा दिला. हलक्या जमिनींवर भार अधिक पडला, बाकी थकली, वसुलीसाठी मामलेदाराच्या माणसांनी रयतेचा शारीरिक छळ केला, आणि इंदापूरकडची पुष्कळ कुटुंबे जमिनी टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. या छळाची कबुली पुढे खुद्द मुंबई सरकारच्या प्रशासकीय अहवालात आली आहे, म्हणून त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जो कर उत्पादनाला धक्का लावणार नाही असे शास्त्र सांगत होते, त्या कराखाली काही वर्षांतच शेते पडीक पडली.

ही घडी सुधारण्याचे काम गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांच्याकडे आले. १८३६ मध्ये इंदापुरापासून सुरू झालेली त्यांची पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली आणि सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर व आकार हे शब्द आजही तिचीच आठवण देतात. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातांत मोजायची; पावणेदोन हात खोल, एकजात काळी माती निघाली की सोळा आणे प्रत, खोली पाव हाताने उतरली की प्रतही उतरायची, आणि त्यात चुनखड, रेव, उतार असे दोष आढळले तर त्याबद्दल आणखी वजावट. अशा रीतीने शेताची सापेक्ष योग्यता ठरल्यावर तालुक्याचा दर किती असावा हे मात्र आधीच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल आला, भाव काय होते, बाजारपेठ किती लांब आहे हे पाहून ठरवायचे. दर खाली आले, तीस वर्षे ते वाढणार नाहीत अशी हमी मिळाली, आणि पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली येऊन सरकारचा वसूलही सुधारला. कर कमी केल्याने खजिना रिकामा होत नाही, हा पुढे फार गाजलेला युक्तिवाद इंदापूर-भीमथडीच्या जमाबंदीच्या वह्यांत त्या काळीच लिहून ठेवलेला आहे.

तीस वर्षांची ही हमी लहान गोष्ट नव्हती. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये चांगल्या कराची जी चार लक्षणे सांगितली, म्हणजे ऐपतीप्रमाणे भार, रकमेची निश्चितता, भरणाऱ्याच्या सोयीची वेळ आणि वसुलीतील काटकसर, त्यांपैकी निश्चिततेला त्याने सर्वांत जास्त महत्त्व दिले होते. विंगेटच्या पद्धतीने निश्चितता दिली. सोयीची वेळ मात्र दिली नाही, कारण पीक येवो न येवो, सारा ठरलेल्या तारखांना आणि रोख रुपयांतच भरावयाचा होता; हप्त्याच्या दिवशी ज्याच्याकडे रुपये असत तो गावात एकच माणूस, सावकार. शिवाय जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागल्यामुळे कुणब्याची पत वाढली, म्हणजेच त्याला बुडण्याइतके कर्ज मिळू लागले. विंगेट डोळे झाकून बसलेला नव्हता. सरकारी कायदा आणि दिवाणी न्यायालये कर्जदाराला सावकाराच्या हाती बांधून देत आहेत, असा इशारा त्याने १८५२ मध्येच लेखी दिला होता.

पुढची घटना कलकत्त्यात आणि लंडनमध्ये घडली, तरी तिचा भार भीमथडीवर पडला. १८५७ चा उठाव मोडताना झालेल्या लष्करी खर्चाने हिंदुस्थान सरकार मोठ्या तुटीत गेले. तूट भरून काढण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन या अर्थसदस्याला पाठवण्यात आले, आणि हा विल्सन म्हणजे खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता, ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक. त्याने १८६० मध्ये पहिला अर्थसंकल्प मांडून प्राप्तीवरचा कर सुरू केला. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने नवे कर बसवण्याऐवजी खर्च कापा असा जाहीर विरोध केला, आणि त्या अपराधासाठी त्याला परत बोलावले गेले. त्याच सुमारास, १८५९ मध्ये, विंगेटने लंडनमध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर एक छोटे पुस्तक काढले. ज्या मुलखात कर गोळा होतो त्याच मुलखात तो खर्च झाला तर पैसा पुन्हा लोकांत फिरतो, परंतु तो दुसऱ्या देशात खर्च झाला तर ती निव्वळ खंडणी होते, हा त्याचा मुद्दा. आणि इंदापूरच्या शेतांत मातीची खोली मोजणाऱ्या माणसाने तो मांडला, याचे मोल दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी पुढे ओळखले.

खर्चाचे दृश्य रूप दौंडला आले ते लोहमार्गाच्या निमित्ताने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १८५८ मध्ये पुण्यास पोहोचली आणि लगेच भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरकडे निघाली. ही कंपनी खासगी होती, परंतु १८४९ च्या करारान्वये तिच्या भागधारकांना भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून मिळालेली होती. नफा झाला तर भागधारकांचा, कमी पडला तर भरपाई करदात्याची. बाजारात धोका पत्करणाऱ्यालाच नफ्याचा हक्क असतो, या मूळ तत्त्वालाच येथे फाटा दिलेला होता. हिंदुस्थानचा माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी याने १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले, की हमी मिळालेल्या भांडवलदाराला आपले पैसे हुगळीत फेकले जातात की विटा-चुन्यात जातात याची पर्वाच उरली नाही. दौंड-मनमाड हा फाटा मात्र सरकारने स्वतःच बांधला आणि तो १८७८ मध्ये सुरू झाला. लोहमार्गाने दौंडला जंक्शन केले, मजुरांच्या हाती पैसा आणला, ज्वारीला दूरची गिऱ्हाइके मिळवून दिली, हे सगळे खरे. परंतु त्याचे बिल कोणाच्या नावाने फाटले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्यापाठोपाठ सगळ्याच मालाचे भाव चढले. विंगेटच्या तीस वर्षांच्या मुदती नेमक्या या तेजीच्या शेवटी संपू लागल्या. १८६७ मध्ये इंदापूरची आणि पाठोपाठ भीमथडीची फेरआकारणी झाली, ती तेजीचे भाव कायमचे समजून. काही गावांत सारा दुपटीच्या आसपास गेला, काही खातेदारांचा त्याहूनही वर. १८६९ च्या कायद्याने त्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा, म्हणजे रस्ते व शाळा यांसाठीचा, जादा उपकर बसला. पुढे भाव कोसळले, पण आकार कागदावर तसाच राहिला. १८७३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या सरकारने प्राप्तीकर रद्द केला तेव्हा सुटका झाली ती व्यापाऱ्याची, नोकरदाराची आणि सावकाराची. शेतसाऱ्याला या औदार्याचा स्पर्श झाला नाही.

पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने याच मुद्द्यावर हात घातला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यास आलेले महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला हे शास्त्र तेव्हा अगदीच परके नव्हते, कारण लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्येच निघाले होते. फेरआकारणीविरुद्ध गावोगावचे अर्ज आणि सभेची खटपट यांचा परिणाम होऊन १८७४ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली : तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर ६६ आणि एका खात्यावर १०० याहून अधिक वाढ करू नये. ज्या सवलतीत एकाच फटक्यात दुप्पट सारा बसू शकतो, तिला सवलत म्हणावे लागले, यावरूनच आधीची वाढ कशी होती हे कळते.

सवलत उशिरा आली. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जासाठी सावकाराने हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडायला घेतले, आणि त्यातून गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानी कोणी जाईना, त्यांच्या शेतात कोणी राबेना, न्हाव्याने आणि इतर बलुतेदारांनी काम बंद केले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने गुजर सावकारांची घरे-दुकाने लुटली. दुसऱ्या दिवसापर्यंत चौदा मैलांवरच्या गावात गंजी पेटल्या होत्या. सर्वत्र शोध होता तो खतांचा, म्हणजे कर्जरोख्यांचा, आणि चोपड्यांचा. जेथे सावकाराने ते कागद निमूटपणे दिले तेथे बहुधा मारहाण झाली नाही. शिरूरच्या छावणीतले घोडेस्वार आणि पुण्याहून आलेली पलटण यांनी बंदोबस्त केला. पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक होऊन ३०१ जणांना शिक्षा झाली, नगर जिल्ह्यात ३९२ पैकी २०० जणांना.

दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने पाहणी केलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते. आयोगाने मुख्य दोष सावकारी आणि न्यायपद्धतीवर ठेवला. वायव्य प्रांतातून आलेले सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळी टिपणी जोडून फेरआकारणीला जबाबदार धरले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, की दंगे नगर जिल्ह्यातही झाले आणि तेथे तीस वर्षांची मुदत संपलेली नसल्यामुळे नवी आकारणी झालेलीच नव्हती. नील चार्ल्सवर्थसारख्या इतिहासकाराने तर या दंग्यांची व्याप्तीच अवास्तव फुगवली गेली असे म्हटले आहे. सारा वाढला म्हणून दंगा झाला, एवढे सरळ सूत्र टिकणारे नाही. परंतु टीकेचा खरा आधार दंगा नव्हताच.

तो आधार सरकारच्या दुटप्पी वागण्यात होता. १८२७ च्या मुंबईच्या कायद्याने व्याजावर शेकडा बारांची मर्यादा होती. १८५५ मध्ये कराराच्या स्वातंत्र्याचे तत्त्व पुढे करून सरकारने व्याजमर्यादेचे कायदे उठवले. १८५९ मध्ये साध्या कर्जरोख्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली, आणि त्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. म्हणजे कर्जाच्या व्यवहारात रयतेला बाजाराचे सगळे नियम, तेही इंग्रजी कागदपत्रांच्या शिस्तीने, लागू झाले. साऱ्याच्या व्यवहारात मात्र सरकार हाच मालक, सरकार हाच भाव ठरवणारा, आणि ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही. त्यावर कळस म्हणजे दंग्यांच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, बॉम्बे रेव्हेन्यू ज्युरिस्डिक्शन ॲक्ट मंजूर होऊन शेतसाऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद झाला. सावकाराला कुणब्यावर दावा लावता येत होता, कुणब्याला सरकारवर नाही.

त्याच वर्षी पाऊस गेला. दुष्काळी कामांवरचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी व्हाइसरॉय लिटनने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने १८७७ च्या आरंभी मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले आणि दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. धान्याच्या व्यापारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व त्या वर्षी अक्षरशः पाळले गेले. काटकसरीचे तत्त्वही पाळले गेले, पण ते अफगाणिस्तानवरच्या मोहिमेच्या आड आले नाही. पुढील दुष्काळांसाठी म्हणून १८७८ मध्ये व्यापाऱ्यांवर परवाना कर बसवून आणि शेतीवरचे उपकर वाढवून दीड कोटी रुपयांची वार्षिक तरतूद करण्याचे जाहीर झाले, आणि युद्धाचा खर्च वाढताच ती तरतूद गुंडाळून ठेवली गेली. सरकारी खर्च कोठे कापला जातो आणि कोठे कापला जात नाही, यावर सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाने त्या काळात जे लिहिले त्यातूनच गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अर्थसंकल्पावरचे भाषण घडले. १९०२ मध्ये त्यांनी शिलकी अर्थसंकल्पालाच हात घातला : देश दुष्काळात असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे. रानड्यांनी मात्र १८९२ च्या आपल्या व्याख्यानात हेही बजावले, की इंग्लंडचे अर्थशास्त्र जसेच्या तसे येथे लावणे चूक आहे आणि उद्योग उभारण्यात सरकारने भाग घेतला पाहिजे. मराठी अर्थचिंतनाचा मुक्त बाजाराशी असलेला संबंध असा अर्धा होकाराचा आणि अर्धा नकाराचा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लोकल फंड, जकात आणि गोऱ्या-काळ्या नोकरशाहीचे पगार यांवर जो हल्ला केला, त्याची धार या दोघांहून तीक्ष्ण होती, आणि त्यात पुण्याच्या शिक्षित मंडळींचीही गय नव्हती.

दंग्यांवरचा सरकारचा अखेरचा उपाय म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. त्याने न्यायाधीशाला खताच्या कागदामागे जाण्याचा, कर्ज पहिल्यांदा कोणत्या दिवशी किती घेतले तेथपासून हिशेब तपासण्याचा आणि चक्रवाढ व्याज नाकारण्याचा अधिकार दिला. कर्जासाठी तुरुंगात टाकणे बंद केले. गावोगाव समेट घडवणारे पंच नेमले. १८८७ मध्ये या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाच्या जागी रानड्यांची नेमणूक झाली, आणि चारही जिल्ह्यांतील न्यायालयांचे काम तपासणे त्यांच्याकडे आले. शिरूर किंवा भीमथडीच्या कुणब्याने सावकाराला का आणि किती देणे आहे, हे त्यांना मुळापासून विचारता येत होते. त्याने सरकारला किती देणे आहे आणि ते कसे ठरले, हा प्रश्न १८७६ च्या कायद्याने त्यांच्या न्यायालयाबाहेर ठेवलेला होता.